चाकं सुतात आणताना

नवे टायर घालून चार महिने झाले होते. पंक्चर काढायला पुढचं डावं चाक खोललं, तेव्हा टायरवाल्या काकांनी ते उलटं फिरवून आतली कड माझ्यासमोर धरली. बाहेरच्या बाजूची नक्षी शाबूत होती. आतल्या कडेला मात्र दोन बोटं रुंदीचा गुळगुळीत पट्टा पडला होता आणि त्यातून तार दिसायला लागली होती.

"दादा, गाडी खाली घेतलीय ना? अलाइनमेंट कधी केलं होतं?"

केलं नव्हतं. उंची कमी-जास्त करता येणारे कॉइलओव्हर बसवून गाडी चार सेंटिमीटर खाली घेतली होती. ती देखणी दिसत होती, हायवेवर स्टिअरिंग सोडलं तरी सरळ जात होती, म्हणून अलाइनमेंट मी पुढे ढकलत राहिलो. दोन्ही चाकं सारख्याच कोनात वाकडी असली तर गाडी कुठल्याच बाजूला ओढत नाही आणि चालवणाऱ्याला काही कळत नाही, हे त्या दिवशी त्या टायरने शिकवलं. या प्रकरणात जे सांगायचं आहे त्याची सुरुवात तिथेच झाली. गाडी खाली करताना आपण उंची बदलतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात चाकाला धरून ठेवणारा प्रत्येक दांडा आपल्या कोनातून हलतो, आणि उंची हा त्या सगळ्या बदलाचा डोळ्यांना दिसणारा तेवढा भाग असतो.

गवंड्याकडे दोन जुनी साधनं असतात, ओळंबा आणि दोरी. भिंत उभी सरळ आहे का ते ओळंबा सांगतो, ती एका रेषेत चालली आहे का ते दोरी सांगते. चाकाच्या बाबतीतही मुख्य प्रश्न हेच दोन. समोरून पाहिलं तर चाक ओळंब्यात आहे, की त्याचा माथा आत किंवा बाहेर कलला आहे? हा कल म्हणजे कँबर. माथा आत कलला तर कँबर उणे म्हणायचा. वरून पाहिलं तर चाकाचं तोंड गाडीच्या दोरीत आहे, की आत किंवा बाहेर वळलं आहे? हा टो. पावलं आत वळवून चालणारा माणूस आठवला की टो-इन कळतो, बाहेर फाकवून चालणारा आठवला की टो-आउट.

तिसरा कोन कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा जसा तिरका असतो, तसा चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष बाजूने पाहता मागे झुकलेला असतो. वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग आपोआप सरळ होतं ते बरंचसं त्याच्यामुळे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत कॅस्टर हलवायची सोय नसते. म्हणून एवढंच लक्षात ठेवायचं, की नाक शेपटीपेक्षा जास्त खाली घेतलं की कॅस्टर कमी होतो. अडीच मीटरच्या आतबाहेर व्हीलबेस असलेल्या गाडीत पुढची बाजू मागच्यापेक्षा चार सेंटिमीटर जास्त उतरली, तर जवळजवळ एक अंश जातो.

टायर कोण खातो? लोक कँबरला दोष देतात, कारण तो डोळ्यांना दिसतो. खरा खादाड टो आहे. हिशेब सोपा आहे. चाकाचं तोंड गाडीच्या दिशेपासून अर्धा अंश वळलेलं असेल, तर गाडी एक किलोमीटर पुढे जाईपर्यंत ते चाक जवळजवळ पावणेनऊ मीटर आडवं घासलं जातं. पुणे ते कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर. म्हणजे एका खेपेत टायर दोन किलोमीटर आडवा फरपटला. रस्त्यावर खुणा उठत नाहीत, आवाजही फारसा येत नाही. रबर तेवढं जातं. चाक आत कललेलं असेल तर ही सगळी घासाघीस आतल्या कडेवर येते. माझ्या टायरचं तसंच झालं होतं. कँबरने जागा ठरवली आणि टोने रबर काढलं.

उंची बदलल्यावर हे कोन का हलतात, हे समजायला गाडीखाली एकदा वाकून पाहावं. आपल्या हॅचबॅक गाड्यांच्या पुढच्या चाकांना बहुतेक वेळा मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन हा अमेरिकी अभियंता जनरल मोटर्समधून फोर्डमध्ये गेला, आणि त्याची ही रचना १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला फोर्डच्या ब्रिटिश गाड्यांमधून, कॉन्सल आणि झेफरमधून, रस्त्यावर दिसू लागली. तिचं मोठेपण तिच्या काटकसरीत आहे. वरचा वेगळा आर्म नाही. शॉकअपच चाकाला वरून धरतो. खाली एकच लोअर आर्म. भाग कमी, जागा कमी, खर्च कमी. इंजिन आडवं बसवलेल्या छोट्या गाडीला याहून सोयीचं काही सुचवणं कठीण आहे.

हा लोअर आर्म गाडीच्या बाजूच्या टोकावर बिजागरीसारखा फिरतो आणि त्याचं चाकाकडचं टोक कमान काढत वर-खाली होतं. कंपनीच्या उंचीला आर्म साधारणपणे चाकाकडे किंचित उतरता असतो. गाडी खाली बसवली की तो आडवा होऊ लागतो आणि त्या टोकाचा बॉल जॉइंट बाहेर सरकतो. चाकाचा तळ बाहेर गेला, माथा जागच्या जागी राहिला, म्हणजे उणे कँबर वाढला. आर्म पूर्ण आडवा होईपर्यंत हे चालतं. त्याच्याही खाली गाडी नेली, की आर्म चाकाकडे चढता होतो आणि तेच टोक पुन्हा आत ओढलं जाऊ लागतं. मग वळणात गाडी झुकते तेव्हा बाहेरच्या चाकाला जो जास्तीचा कल मिळायला हवा तो मिळेनासा होतो आणि टायर बाहेरच्या कडेवर चढतो. खूप खाली घेतलेली गाडी रस्त्याला घट्ट धरेल हा समज इथे मोडतो.

आता चाकाचं तोंड वळवणारा टाय रॉड बघा. तोही एक दांडा, तोही कमान काढतो. पण त्याची लांबी वेगळी, बिजागरीची जागा वेगळी. कंपनी दोन्ही कमानी अशा जुळवते की मूळ उंचीच्या आसपास चाक वर-खाली झालं तरी त्याचं तोंड फारसं वळत नाही. आपण चार सेंटिमीटर खाली आलो म्हणजे त्या जुळवलेल्या पट्ट्यातून बाहेर आलो. दोन गोष्टी होतात. उभ्या गाडीचा टो बदलतो. आत की बाहेर, ते गाडीगणिक वेगळं. आणि धावत्या गाडीत प्रत्येक खड्ड्यागणिक टो हलत राहतो. याला बंप स्टिअर म्हणतात. स्टिअरिंग न हलवता, उंचवट्यावरून जाताना गाडी स्वतःच डावी-उजवी चुळबुळ करते. पहिली गोष्ट अलाइनमेंटने दुरुस्त होते. दुसरी होत नाही. तिला टाय रॉडच्या टोकाची उंची बदलणारे सुटे भाग लागतात, किंवा गाडी थोडी वर घ्यावी लागते. कुठलाही अलाइनमेंटवाला यंत्रावर बंप स्टिअर घालवून देऊ शकत नाही, आणि तो तसं म्हणत असेल तर त्याने प्रश्न ऐकलेला नाही.

मग खाली घेऊन मिळतं काय? इथेही आकडा समोर ठेवावा. १,००० किलोची गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५३ सेंमी, दोन चाकांतलं आडवं अंतर १४८ सेंमी धरू. गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराने वळण घेतलं, तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सुमारे १७९ किलो भार सरकतो. गाडी ३ सेंमी खाली घेतली तर सुमारे १६९ किलो. फरक १० किलोंचा, म्हणजे साधारण ५-६ टक्के. आहे, पण लोक समजतात तितका नाही. खाली घेतलेली गाडी वळणात चपळ वाटते ती मुख्यतः कडक स्प्रिंगा आणि आवरून धरणाऱ्या शॉकअपमुळे. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण एकदा ते कळलं की आणखी २ सेंमीचा हव्यास सुटतो.

स्प्रिंग कडक का लागते, याचंही गणित आहे. मूळ गाडीत चाकाला वर जायला ८ सेंमी मोकळीक होती आणि आता ५ उरली, तर तोच खड्डा त्याच वेगाने पचवायला स्प्रिंग अडीच पटींहून कडक हवी. ढोबळमानाने मोकळिकीच्या गुणोत्तराचा वर्ग. तेवढी कडक स्प्रिंग रोजच्या गाडीत कोणी घालत नाही, घालूही नये. म्हणजे काही धक्के बंप स्टॉपच्या रबरावर जाणारच. ही तडजोड आहे आणि ती डोळे उघडे ठेवून करावी.

मॉरिस ओली हा रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये गेलेला इंग्रज अभियंता. १९३०च्या दशकात कॅडिलॅकमध्ये काम करताना तो स्प्रिंग किती कडक असावी याच प्रश्नामागे लागला होता. पुढचं चाक उंचवट्यावरून आधी जातं, मागचं नंतर. दोन्हीकडच्या स्प्रिंगांची लय सारखी असली तर मागची बाजू कायम एक पाऊल मागे राहते आणि गाडी घोड्यासारखी पुढे-मागे डुलते. पुढच्या स्प्रिंगा मवाळ आणि मागच्यांची लय किंचित जलद ठेवली, तर मागची बाजू पुढचीला गाठते आणि डुलणं विरतं. कॉइलओव्हर घेताना पुढे किती किलो प्रति मिलिमीटर आणि मागे किती, हा प्रश्न विचारायचा तो यासाठी. दुकानात पडून असलेली कुठलीही जोडी चालणार नाही.

आपल्याकडे स्वस्तातली वाट म्हणजे स्प्रिंगचा वेढा कापणं. ते करू नका, हे मी अगदी मनापासून सांगतो. सहा चालते वेढे असलेल्या स्प्रिंगचा एक कापला तर ती २० टक्के कडक होते, हा त्यातला बरा भाग. वाईट भाग असा, की कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक हवेत लोंबकळलं की आखूड स्प्रिंग सैल होऊन जागेवरून सरकू शकते. ती तापवून बसवणं त्याहून वाईट. पोलादाचं पाणीच उतरतं.

कॉइलओव्हरमध्ये शॉकअपच्या नळीवर बाहेरून आटे पाडलेले असतात. त्या आट्यांवर रिंग फिरते आणि रिंगवर स्प्रिंग बसते. रिंग खाली फिरवली, गाडी खाली आली. मग दुसऱ्या रिंगने लॉक. बऱ्या सेटमध्ये खालचा ब्रॅकेटही आट्यांवर वर-खाली होतो, त्यामुळे स्प्रिंगला हात न लावता उंची बदलते आणि शॉकअपची चाल शाबूत राहते. शक्य असेल तर असाच घ्यावा. रिंग पिळून स्प्रिंग दाबली की ती कडक होते, असं गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येतं. सरळ गुंडाळलेली स्प्रिंग अशाने कडक होत नाही; गाडी फक्त वर येते. कडकपणा तारेच्या जाडीत, वेढ्यांच्या संख्येत आणि घेरात असतो.

किती खाली घ्यावी? माझी गाडी २०११ नंतरच्या पिढीची स्विफ्ट. व्हीलबेस २,४३० मिमी, ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक १० सेंमी उंच, ३.७ मीटर लांब आणि १७ मीटर त्रिज्येच्या कमानीचा असतो. तो इतका लांब असतो की मधोमध आल्यावर गाडीची चारही चाकं त्याच्यावरच असतात, त्यामुळे पोटाखालची जागा फक्त सव्वाचार सेंटिमीटरने घटते. अशा गतिरोधकावर खाली घेतलेली गाडीही आरामात पार होते. पण गावात शिरताना डांबराचा हातभर रुंदीचा उंचवटा असतो तो या मानकातला नव्हे. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे, आणि त्याची सगळीच्या सगळी उंची पोटाखाली. तो १५ सेंमीचा असला तर १३ सेंमी उरलेली गाडी घासणारच, आणि चार माणसं बसली की तेवढेही उरत नाहीत. म्हणून मी ४ सेंमीवरून अडीचवर परत आलो. अडीचला लोअर आर्म अजून किंचित उतरता राहतो, हे त्यामागचं दुसरं कारण, आणि माझ्या मते जास्त मोठं.

आता काम. जे घाईत हमखास सुटतं त्याच्यावरच थांबतो.

लोअर आर्मच्या बिजागरीत रबरी बुश असतो. त्याचं रबर बाहेरच्या आणि आतल्या नळीला चिकटवलेलं असतं. ते फिरत नाही, पिळतं. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना त्याचे बोल्ट आवळले, की ते रबर त्याच स्थितीला सरळ धरतं. गाडी खाली उतरवली की बुश कायमचा पिळलेला राहतो, उंची किंचित फसवी येते आणि काही महिन्यांत रबर फाटतं. बोल्ट आधी बेताचे लावायचे, गाडी स्वतःच्या वजनावर नव्या उंचीला बसवायची, आणि मगच टॉर्क रेंचने शेवटचं आवळायचं. खड्ड्यावर किंवा चार खांबांच्या लिफ्टवर हे जमतं. दहा मिनिटांचं काम आहे.

उंची जमिनीपासून मोजू नये. फरशी क्वचितच सपाट असते आणि टायरची हवा कमी-जास्त असते. चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत मोजावं, तेही गाडी १०-२० किलोमीटर चालवून आणल्यावर. जॅकवरून नुकतीच उतरवलेली गाडी टायर जमिनीला चिकटल्यामुळे खोटी उंची दाखवते.

चारही उंची सारख्या आल्या तरी चारही चाकांवर योग्य भार आला असं होत नाही. चौरंगाचा एक पाय पैशाएवढा उंच झाला की काय होतं? तो पाय आणि त्याच्या तिरक्या समोरचा पाय, या दोघांवरच भार येतो आणि उरलेले दोन नुसते टेकलेले राहतात. गाडीत स्प्रिंगा असल्याने ती चौरंगासारखी डुगडुगत नाही, पण भार तसाच तिरका वाटला जातो. मग ती डाव्या वळणात एक वागते, उजव्यात दुसरं, आणि जोरात ब्रेक मारला की एक चाक लवकर लॉक होतं. शर्यतीच्या गाड्या यासाठी चार वजनकाट्यांवर उभ्या करतात, ड्रायव्हरच्या जागी त्याच्या वजनाएवढं ओझं ठेवून. काटे मिळाले नाहीत तर निदान डाव्या-उजव्या उंचीतला फरक २-३ मिमीच्या आत आणावा आणि सीटवर धान्याची पोती ठेवून मोजावं. एक रिंग एकटीच फिरवून गाडी सरळ करायला जाऊ नये. दिसायला सरळ होते आणि भार बिघडतो.

अलाइनमेंटला जाण्याआधी बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि बुश यांत खेळ नाही हे पाहून घ्यावं. खेळ असलेल्या गाडीचे कोन यंत्रावर हिरवे दिसतात आणि दारातून बाहेर पडल्यावर बदलतात. पडद्यावरच्या हिरव्या रंगाबद्दलही एक सांगायला हवं. तो पट्टा कंपनीने मूळ उंचीच्या गाडीसाठी दिलेला असतो आणि तो बराच रुंद असतो. हिरव्याच्या एका टोकाला डावं चाक आणि दुसऱ्या टोकाला उजवं, असंही असू शकतं. रंगावर समाधान न मानता आकडे बघायचे आणि कामाआधीचा व नंतरचा छापील कागद मागून घ्यायचा.

सुरुवात मागच्या चाकांपासून. मागचा ॲक्सल ज्या दिशेला तोंड करून असेल, गाडी तिकडेच जायला बघते. तो तिरका असताना पुढची चाकं त्याला न जुमानता लावली, तर गाडी खेकड्यासारखी कललेली धावते आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं राहतं. स्विफ्टसारख्या गाड्यांत मागे टॉर्शन बीम असतो. त्यात फिरवायला काही नसतं, फार तर हबमागे पातळ शिम घालता येतात. पण मोजायचं आधी तेच.

मग पुढचा कँबर. स्ट्रट आणि चाकाचा नकल जिथे दोन बोल्टांनी जोडलेले असतात तिथे एक विकेंद्री घेराचा कँबर बोल्ट घालता येतो, किंवा कॉइलओव्हरच्या माथ्यावरची प्लेट सरकवता येते. मला प्लेट आवडते. कँबर बोल्ट मूळ बोल्टपेक्षा बारीक असतो आणि सांगितलेल्या टॉर्कला आवळला नाही तर सरकतो. रोजच्या वापराला उणे एक अंशाच्या आसपास पुरे. डाव्या-उजव्यातला फरक अर्ध्या अंशाच्या बराच आत हवा, नाहीतर गाडी ओढते.

टो सगळ्यात शेवटी, कारण कँबर हलवला की टो हलतोच. आधी टो लावून मग कँबर "जरासा" सुधारणारा मेकॅनिक चांगल्या मनाने टायर वाया घालवतो. स्टिअरिंग मध्यावर धरून लॉक करायचं, मग दोन्ही टाय रॉड सारखे फिरवायचे. हायवेच्या गाडीला शून्य किंवा केसभर टो-इन.

दोन गोष्टी अलाइनमेंटच्या नसूनही त्याच दिवशी उरकाव्यात. हेडलाइटचा झोत, कारण पुढची आणि मागची बाजू सारखी उतरली नसेल तर तो समोरच्याच्या डोळ्यांत किंवा बंपरसमोर पडतो. आणि काही जुन्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा जोर ठरवणारा व्हॉल्व्ह मागच्या ॲक्सलला दांडीने जोडलेला असतो. गाडी खाली बसली की मागे माणसं बसली आहेत असं तो समजतो आणि रिकाम्या गाडीच्या मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. ओल्या रस्त्यावर शेपूट फिरायला एवढं पुरतं. त्या दांडीची जुळवणी बदलावीच लागते.

कायद्याचंही पाहावं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. आरटीओत विचारून आणि विमा कंपनीला कळवून मगच पाने हातात घ्यावेत.

दुसऱ्या खेपेला मी सगळं या क्रमाने केलं आणि तरीही ५०० किलोमीटरनंतर गाडी ४ मिमी आणखी बसली होती. नव्या स्प्रिंगा आणि बुश बसतातच, म्हणून दुसरं अलाइनमेंट सुरुवातीपासूनच खर्चात धरलेलं बरं. त्यानंतर मात्र यंत्राची दर वेळी गरज पडत नाही. पार्किंगच्या सपाट कोपऱ्यात गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोऱ्या ताणायच्या, रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीचं अंतर पट्टीने मोजायचं. दोहोंतला फरक म्हणजे टो. रिमसमोर ओळंबा सोडला की कँबर. १५ इंची रिमवर वर-खाली साडेसहा मिमीचा फरक म्हणजे एक अंश. पावसाळा संपला की मी हे एकदा करतो, आणि त्याच दिवशी चाकं काढून नळीवरचे आटे ब्रशने धुतो, चिखल निघेपर्यंत, मग त्यांना ग्रीसचा हात देतो. कोकणात समुद्राजवळ राहणाऱ्यांनी हे वर्षातून दोनदा करावं. खाऱ्या हवेत रिंग एकदा आट्यांवर धरली, की ती पान्याला दाद देत नाही आणि गाडीची उंची जिथे अडकली तिथेच राहते.